ब्रश एक

तेलावीला जायचं तर आदल्या रात्रीच सुरुवात करावी लागते.
ओले रुमाल, सुके रुमाल, दोन चड्ड्या, आणखी दोन,
आणि साबाचं एका कानाचं अस्वल,
ज्याच्यावाचून तो झोपत नाही
आणि ज्याला घेऊनही झोपत नाही.
माझ्यासाठी उरतो बाजूचा कप्पा.
त्यात कंगवा.

इसानीच्या तळावरून मार्शरुत्का सुटते भरली की.
तोवर साबाला दोनदा शू लागते,
आणि बार्बाले मोजत बसते.
तिला नुकतेच दहापर्यंत आकडे आलेत,
आता जगातलं काही तिच्या बोटातून सुटत नाही :
ड्रायव्हरच्या आरशाला लटकलेले संत तीन,
पुढच्या बाईच्या पिशवीतून डोकावणारी पावाची टोकं चार.

गोंबोरीच्या घाटात देऊळ दिसलं
की अख्खी गाडी छातीवर क्रूस काढते.
माझे दोन्ही हात अडकलेले.
तिसऱ्या देवळाशी साबाची ओकारी
मी बाहीवर झेलली.
शेजारची म्हातारी म्हणाली,
एवढाल्या लेकरांना घेऊन निघावंच कशाला?

कशाला.
इर्माला चौदा महिन्यांत पाहिलं नव्हतं म्हणून.
नर्सिंगच्या शाळेत आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली,
आणि दोन हिवाळे एका कोटात,
दिवसपाळीला ती, रातपाळीला मी,
खिशात एकमेकींसाठी चिठ्ठ्या, कधी अर्धी साखरेची वडी.

तिच्या घरात मूल नाही,
म्हणून सगळं काचेचं जमिनीपासून गुडघाभर उंचीवर.
तिनं टेबल भरून ठेवलं होतं,
अक्रोड भरलेली वांगी, गरम चीजची रोटी,
आंबट आलुबुखारची लाल चटणी.
मुर्मान कुठाय? मी विचारलं.
कामावर, ती म्हणाली.
रविवार होता.

तुला एक सांगायचंय, ती म्हणाली.
देदा, शी झाली.

मी परत आले, तर चहा गार.
तर मी म्हणत होते, गेल्या वसंतात...
आणि साबानं टेबलक्लॉथ ओढला.
चटणी पांढऱ्या गालिच्यावर.
मीठ आण, मी म्हणाले, मीठ, पाणी, मीठ.
राहू दे गं, ती म्हणाली.
मी घासत राहिले.
घासताना मान वर करावी लागत नाही.

ती माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसली.
तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला,
जुन्या खाटेवर लागायचा तसा.
तिनं तोंड उघडलं
आणि न्हाणीघरातून बार्बाले ओरडली,
देदा, इथे एकच!
हो बाळा, छान, हात धू आता, मी ओरडले.
इर्मा उठली. म्हणाली, गाडी पाचची ना तुमची?

फाटकाशी तिनं दोघांच्या गळ्यात
द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा घातल्या.
पोरं गोड आहेत, म्हणाली.
मी म्हणाले, पुढच्या वेळी एकटी येते.
दोघींनाही माहीत होतं,
पुढची वेळ कशाला म्हणतात.

परतीच्या घाटात अंधार.
साबा उजव्या हातावर झोपलेला, अस्वलाशिवाय.
अस्वल तेलावीत राहिलं.
बार्बाले पेंगत पेंगत दिवस मोजत होती :
मावशीकडे खुर्च्या सहा.
खिडक्या पाच.
मांजर नाही.
दारामागे कोट एक.
ब्रश एक.

काय म्हणालीस?
ब्रश, देदा. दातांचा. एक.

म्हातारीची जागा रिकामी होती,
नाहीतर तिला सांगितलं असतं, कशाला ते.
डाव्या हातानं मी फोन काढला.
घाटात रेंज नाही.
उजव्या हाताला मुंग्या आल्या, मग तो माझा राहिलाच नाही.
खाली कुठेतरी एका गावाचे दिवे लागले, गेले.

देदा, दहानंतर काय येतं?
अकरा, मी म्हणाले,
आणि फोनवर एखादी दांडी उगवायची वाट बघत बसले.